'कोहा दितोरे' हे दैनिक खरंच स्वतंत्र मानावं का?

कोसोव्होतलं 'कोहा दितोरे' हे अल्बेनियन भाषेतलं दैनिक स्वतंत्र मानावं की मालकाचं मुखपत्र, आणि जुने अंक वाचायचे तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. मी 2000 साली संयुक्त राष्ट्रांच्या पोलीस पथकातून कोसोव्होच्या राजधानीत, प्रिश्तिनात ड्युटी केली आहे. माझं उत्तर सरळ आहे: स्वतंत्र.

नावाचा अर्थ 'दैनिक काळ'. शिवरामपंत परांजप्यांचा 'काळ' माहीत असल्यानं ते मला पहिल्याच दिवशी जवळचं वाटलं. आमचा दुभाषी रोज सकाळी गाडीत त्यातल्या बातम्या इंग्रजीतून सांगायचा.

मेसमध्ये आमचे एक सीनियर साहेब होते. ते म्हणायचे, "सगळे पेपर परदेशी पैशावर चालतात. आणि सर्बांना शिव्या घालायला कसलं आलंय स्वातंत्र्य?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. ते दुभाष्याकडून मिळालं.

कोसोव्होतले बहुसंख्य लोक अल्बेनियन, पण सत्ता तेव्हा सर्बियाची. 1999च्या मार्चमध्ये सर्बियाविरुद्ध नाटोचे बॉम्ब पडू लागले त्याच रात्री सर्ब पोलीस या पेपरच्या कचेरीत घुसले, पहारेकऱ्याला गोळी घातली. दुभाष्याचं कुटुंब मॅसेडोनियाच्या छावणीत पोचलं, तेव्हा पेपर तिथल्याच तेतोव्हो शहरात छापून छावण्यांमध्ये फुकट वाटला जात होता. तंबूत आपल्या भाषेतला ताजा पेपर हातात आला तेव्हा वडील रडले, असं तो म्हणाला. 1990 साली 'रिलिंद्या' हे अल्बेनियन दैनिक सर्बियानं बंद पाडल्यावर या लोकांनी 'बुय्कू' नावाच्या शेतकऱ्यांच्या पेपरातून बातम्या वाचून दिवस काढले होते, हे लक्षात घ्या.

आणि त्याच 'कोहा दितोरे'त, युद्ध संपून घरी परतून दोन-तीन महिने होतात न होतात तोच, ऑगस्टमध्ये संस्थापक व्हेतोन सुरोई यांनी लिहिलं की मागे राहिलेल्या सर्ब म्हाताऱ्या-कोताऱ्यांना मारणं हा फॅसिझम आहे आणि ही लाज आपली आहे. बॉम्बहल्ल्यांच्या काळात सुरोई प्रिश्तिनातच लपून होते, त्यामुळे घरात दबा धरून बसणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. ऑक्टोबरमध्ये रस्त्यात कुणीतरी वेळ विचारली, सर्बियनमधून उत्तर दिलं म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या एका बल्गेरियन कर्मचाऱ्याचा जीव गेला, असं ते गाव होतं. त्याच महिन्यात एका अल्बेनियन वृत्तसंस्थेनं सुरोई आणि संपादक बातोन हाजिऊ यांना उघड धमकावलं.

"माझे वडील भडकले," दुभाषी म्हणाला. "घर जळलं आमचं, आणि अक्कल आम्हालाच शिकवतात? आठवडाभर पेपर घेतला नाही. मग परत आणायला लागले. म्हणाले, दुसऱ्या कुणावर विश्वासच बसत नाही."

साहेब, तुम्ही कुठे असाल ते माहीत नाही, पण सरकारविरुद्ध लिहिणारे पुष्कळ असतात. आपला पेपर विकत घेणाऱ्याला दुखावून लिहिणारा मला तिथे एकच दिसला.

आता दोन गोष्टी मान्य करतो. युद्धानंतर तिथल्या बहुतेक माध्यमांना परदेशी मदत होती, साहेब तेवढं खरं बोलत होते. आणि सुरोई 2004 साली स्वतःच निवडणुकीत उतरले, त्यामुळे त्यानंतरच्या राजकीय बातम्या जरा जपून वाचा.

जुन्या अंकांसाठी अल्बेनियन येणारा माणूस गाठा, भाषांतराच्या यंत्रावर विसंबू नका. आणि 1999चा ऑगस्ट आधी काढा.