‘छेत्रीला बसवा’ म्हटलं आणि घरात अबोला झाला

मे २०२४ चा शेवटचा आठवडा. दुपारी आलेल्या ताई खुर्चीत टेकल्या, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि म्हणाल्या, "मॅडम, आमच्यात फुटबॉलवरनं अबोला झालाय. हसू नका."

मी हसले नाही. कोल्हापुरात समुपदेशनाची प्रॅक्टिस करणाऱ्या कुणालाही यात हसण्यासारखं वाटणार नाही. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल टीमची मॅच असली की इथं पोलीस बंदोबस्त लागतो. वर्ल्ड कप आला की गल्ल्यागल्ल्यांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, खेळाडूंचे कटआउट उभे राहतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं पेठेतल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. अशा गावात बाप-लेक फुटबॉलवरून भांडले, तर ते भांडण खरंच असतं.

ताईंचे मिस्टर तरुणपणी तालमीच्या टीममध्ये बॅकला खेळलेले, वर्षापूर्वी नोकरीतून निवृत्त झालेले. मुलगा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) नऊ दिवस दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. मुलगा ताट घेऊन माडीवर जायचा. निरोप आईमार्फत चालायचे, "त्यांना सांग, गॅसची गाडी आलीय." दोघांच्या मधे सात फुटांचं अंतर, आणि निरोप स्वयंपाकघरातून फिरून जायचा.

कारण होतं ६ जूनची मॅच. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर भारत विरुद्ध कुवेत, वर्ल्ड कप पात्रतेची दुसरी फेरी. गटातून पहिले दोन संघ पुढे जाणार होते. कतारचे १२ गुण होते, भारत आणि अफगाणिस्तानचे ४-४, कुवेतचे ३. जिंकलो असतो तर तिसऱ्या फेरीचं दार जवळजवळ उघडलं असतं, आणि तिथवर भारत आजवर कधीच पोहोचला नव्हता. त्यात १६ मे रोजी भारताचा कर्णधार आणि फॉरवर्ड, म्हणजे पुढं राहून गोल करणारा खेळाडू, सुनील छेत्रीनं जाहीर केलं, की ही आपली भारतासाठीची शेवटची मॅच. त्या रात्री मुलगा जेवताना म्हणाला, "मग तर त्याला पहिल्या अकरात घेऊच नये. बसवा." वडिलांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, "ज्यानं चौऱ्याण्णव गोल घातले त्याला बसवा म्हणतोस? उद्या बापालाही बसवशील." तिथून पुढं जे झालं त्याचा शेवट माडीवर जाणाऱ्या ताटात झाला.

ताईंचा प्रश्न एकच होता. असा प्रश्न घेऊन खूप लोक येतात, विषय कधी क्रिकेट असतो, कधी निवडणूक, कधी गणपतीची वर्गणी. "एवढ्याशा गोष्टीवरनं माणसं अशी वागतात, म्हणजे मनात काहीतरी बिघडलेलं असतंय का?"

आधी मी सगळ्यांना विचारते तेच विचारलं. पोराची झोप कशी आहे? कॉलेजला जातो का? मित्रांशी बोलतो का? कुणी कुणावर हात उगारला का, वस्तू फेकल्या का? आणि पैसे. मोबाइलवर टीम लावून पैसे लावायचं व्यसन तेव्हा अशा भांडणांच्या मागं बऱ्याचदा सापडायचं, आणि घरच्यांना ते सगळ्यात शेवटी कळायचं. यातलं काही असतं तर मी वेगळ्या रस्त्यानं गेले असते. तसं काहीच नव्हतं. पोरगं रात्री दोनपर्यंत जुन्या मॅच बघायचं आणि सकाळी आठच्या लेक्चरला हजर असायचं.

मग वडील आले, आणि इथं माझी चूक झाली.

"उद्या बापालाही बसवशील" हे वाक्य माझ्या वहीत अधोरेखित होतं. वर्षापूर्वी निवृत्त झालेला माणूस, एकोणचाळीस वर्षांच्या खेळाडूची निवृत्ती, तरुण मुलगा. मला सगळं दिसतंय असं वाटलं. वीसेक मिनिटांनी मी म्हटलं, "काका, घरात आपली जागा गेली असं वाटतंय का तुम्हाला?" त्यांनी माझ्याकडं शांतपणे पाहिलं. "मॅडम, मला रिटायर होऊन बरं वाटतंय. रोज शेतावर जातोय, शुगर कमी झालीय. रागात बोलून गेलो ते. माझा प्रश्न फॉरवर्डचा आहे, आणि तो कुणी ऐकूनच घेईना."

हे वाक्य मी विसरणार नाही. मनाच्या तळाशी काय आहे ते शोधायची आम्हा लोकांना सवय असते, आणि त्या सवयीत समोरचा जे बोलतोय तेच राहून जातं. मुलगा त्यांचं ऐकत नव्हता, आणि आता मीही ऐकत नव्हते.

मी म्हटलं, "सांगा मला. मला फुटबॉल फारसं कळत नाही, पण सांगा."

माझ्या टेबलावर यू-पिनांची डबी असते. त्यांनी ती पुढं ओढली आणि काचेवर अकरा पिना मांडल्या. गोलकीपर, चार बॅक, तीन मधे, दोन कडेला आणि एक एकटी पुढं. त्या एकट्या पिनेवर बोट ठेवून ते बोलू लागले. "आपल्या लीगमध्ये क्लबवाले ही जागा परदेशी खेळाडूला देतात. आपली पोरं कडेनं पळतात नाहीतर बेंचवर बसतात. बॉल छातीवर घ्यायचा, पाठीवर बॅक घेऊन उभं राहायचं, फाउल काढायचा, हे वर्षानुवर्षं करून येतं. एका संध्याकाळीत फॉरवर्ड तयार होत नसतोय. छेत्री म्हातारा झालाय ते मला पण दिसतंय. पण त्या जागेवर दुसरा आहे कोण?"

हे बोलताना त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता.

दोन दिवसांनी मुलगा आला. पिना मी तशाच ठेवल्या होत्या. त्यानं त्या पाहिल्या, ओळखल्या आणि न विचारता पुढची पिन उचलून टेबलाच्या कडेला ठेवली. "चार मॅचमध्ये आपले गोल दोन," तो म्हणाला. "एक छेत्रीची पेनल्टी, गुवाहाटीला, आणि ती मॅच आपण १-२ हरलो. दुसरा मनवीर सिंगचा, कुवेतमध्ये, त्यावर जिंकलो. मग सुरुवात मनवीरनं करा. तो पळून कुवेतच्या बॅकला दमवेल. शेवटच्या अर्ध्या तासाला छेत्रीला आणा. दमलेल्या बॅकपुढं त्याचं डोकं चालेल, आणि त्याला मैदानात येताना अख्खं स्टेडियम उठून उभं राहील. मी त्याला काढा म्हणत नव्हतो मॅडम. नीट वापरा म्हणत होतो."

"हे पप्पांना सांगितलंस?"

"‘बसवा’ म्हटल्यावर पुढचं कोण ऐकतंय?"

मी त्याला त्या रात्रीचं भांडण वाक्यावाक्यानं आठवायला लावलं. पहिली आठ-दहा वाक्यं खेळाचीच होती. मग वडील म्हणाले, "तू ग्राउंडवर कधी पाय ठेवलास?" आणि त्यानं उत्तर दिलं, "तुमचा काळ गेला." त्या दोन वाक्यांनंतर छेत्रीचं नावसुद्धा निघालं नव्हतं. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक घरांत ही जागा सापडते. विषय मैदानावरून उठून माणसाच्या अंगावर येतो, तिथं भांडण नासतं. तोवरचा वाद कितीही मोठ्या आवाजात चालला तरी मला त्याची भीती वाटत नाही. मोठा आवाज हा आमच्या गावचा नेहमीचा आवाज आहे.

४ जूनला दोघांना एकत्र बसवलं. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५१ मध्ये एक साधा नियम मांडला होता. वादात आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो ‘हो, हेच म्हणायचं होतं मला’ म्हणेपर्यंत स्वतःचं बोलायचं नाही. वाचायला सोपं वाटतं. करायला फार अवघड आहे, आणि पहिल्यांदा ते जवळपास कधीच जमत नाही.

इथंही जमलं नाही. मुलगा म्हणाला, "पप्पांचं म्हणणं, छेत्री देव आहे, त्याला हात लावायचा नाही." वडील उठलेच. ताईंनी त्यांची बाही धरली. मी मुलाला म्हटलं, पिना घे आणि पिनांतून सांग. दुसऱ्या खेपेला तो अडखळत बोलला, पण फाउलचा मुद्दा राहून गेला. वडील खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "अजून एक राहिलं." तिसऱ्या खेपेला परदेशी फॉरवर्डपासून पाठीवर बॅक घेण्यापर्यंत सगळं आलं. वडील जरा वेळ गप्प राहिले. "हां. हेच."

मग त्यांची पाळी. त्यांना मुलाचं म्हणणं दोनदाच सांगावं लागलं. ‘शेवटच्या अर्ध्या तासाला आणा’ हा भाग त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "हे तू म्हणाला नव्हतास," असं ते म्हणाले. मुलगा काही बोलला नाही, फक्त कडेची पिन परत काचेवर आणली आणि बेंच म्हणून एका बाजूला आडवी ठेवली.

दोघांचं एकमत झालं नाही. मी ते करायला बसलेच नव्हते. जाताना एवढंच ठरलं, की मॅचआधी दोघांनी आपापली अकरा नावं कागदावर लिहायची, आणि कागदाच्या मागं समोरच्याचा सगळ्यात पक्का मुद्दा लिहायचा. माझ्याकडं येणाऱ्या इतर घरांनाही मी आता हेच सांगते. विषय निवडणुकीचा असेल तर जास्त दिवस लागतात, कारण तिथं शेवटची शिट्टी वाजतच नाही.

६ जूनचं मला ताईंनी नंतर सांगितलं. कागद टीव्हीखाली ठेवले होते. कोच इगोर स्टिमॅच यांची टीम जाहीर झाली तेव्हा दोन्हीही कागद चुकले. डाव्या बॅकला पुण्याचा जय गुप्ता होता, तो दोघांनीही लिहिला नव्हता. छेत्री पहिल्या मिनिटापासून होता, म्हणजे वडिलांचं खरं झालं. पण गोल एकही झाला नाही, म्हणजे कुणाचंच झालं नाही. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला आपल्या रहीम अलीला गोलकीपर एकटा समोर सापडला होता. तो गोल हुकला तेव्हा वडील डोक्याला हात लावून म्हणाले, "तो बॉल मनवीरच्या पायात पाहिजे होता." मुलानं वळून बघितलं. ताई म्हणाल्या, त्या दिवसात पप्पांनी त्याच्या टीममधला माणूस स्वतःच्या तोंडानं मागितला तो हा पहिलाच प्रसंग.

०-० नंतर छेत्री रडत मैदानाबाहेर जाताना दोघंही टीव्हीसमोरून हलले नाहीत. ताट त्या रात्री माडीवर गेलं नाही.

पाच दिवसांनी दोहात कतारविरुद्ध छांगतेनं ३७ व्या मिनिटाला गोल केला आणि आपण पुढं होतो. ७३ व्या मिनिटाला बॉल गोललाइनच्या बाहेर जाऊन परत ओढला गेला आणि तरी कतारला तो गोल दिला गेला. व्हीडिओ तपासणीची सोय त्या फेरीत नव्हती. आपण १-२ हरलो, कुवेत अफगाणिस्तानला १-० हरवून पुढं गेलं. त्या रात्री मुलाला झोप लागली नाही, आणि पहाटे तीन वाजता वडील माडीवर जाऊन त्याच्याजवळ बसले होते. काय बोलले ते ताईंना माहीत नाही. मीही विचारलं नाही.

पुढं दोनदा ते सगळे येऊन गेले, मग यायची गरज राहिली नाही.

मार्च २०२५ मध्ये छेत्रीनं निवृत्ती मागं घेतली. १९ तारखेला शिलाँगमध्ये मालदीवला आपण ३-० हरवलं, त्यात त्याचा पंच्याण्णवावा गोल होता. दुसऱ्या दिवशी ताईंचा मेसेज आला, "परत सुरू झालंय. पण खाली बसून." २५ तारखेला बांगलादेशशी आशिया कप पात्रतेची मॅच होती. त्या दुपारी मुलानं मला एक फोटो पाठवला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन कागद शेजारी शेजारी, एक वहीच्या पानाचा, एक कॅलेंडरच्या मागच्या बाजूचा. आठ नावं सारखी होती. पुढच्या जागेवर एकानं एक नाव लिहिलं होतं, दुसऱ्यानं दुसरं, आणि दोन्हींवर तिसऱ्याच हस्ताक्षरात ताईंनी लिहिलं होतं, "जेवायला आठला या."