पोपट ‘तो’, खार ‘ती’. मग खारीचा नर कोण?

‘भुईकोट किल्ल्याच्या बागेत एकाच चिंचेवर दोघं. पोपट एका पायात चिंच धरून सोलतो, खार दोन्ही पंजांत धरून कुरतडते. हे सोलतो आणि कुरतडते कुणी ठरवलं? आणि पोपटाच्या मादीला मैना म्हणायचं का?’ असं एका सोलापूरकर मित्रानं विचारलंय. त्याच्या घरी तेलुगू बोलतात.

त्याला हा प्रश्न पडणारच. तेलुगूत चिलुक (पोपट) काय नि उडुता (खार) काय, दोन्हींना ‘अदि’, म्हणजे ‘ते’. शेजारच्या कानडी घरातही गिळी आणि अळिलु, दोन्ही ‘अदु’. मराठीत नपुंसकलिंग असूनही (पाखरू नाही का?) ते या दोघांच्या वाट्याला आलं नाही. आपल्याकडं काही प्राण्यांना कायमचं एकच लिंग आहे. गरुड, टोळ, सुरवंट नेहमी ‘तो’. घार, पाल, सुसर, खार नेहमी ‘ती’. त्यामागं शोधावा असा नियम नाही, रूढी आहे.

गंमत म्हणजे आपल्या नेहमीच्या हिरव्या पोपटात नर-मादी लांबूनही ओळखू येतात. नराच्या गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ असतो, मादीला तो नसतो. (नरालाही कंठ फुटायला तीनेक वर्षं लागतात, तेव्हा बिनकंठाची प्रत्येक मादीच असं समजू नये.) एवढा फरक डोळ्यांना दिसत असून मादीला वेगळं नाव नाही. खारीत तर पट्टे दोघांचे सारखेच, त्यामुळं नरसुद्धा बिनतक्रार खारूताई!

मैना हा निराळाच पक्षी, साळुंकीच्या गोतातला. संस्कृतातली शुक-सारिकेची जोडी मराठीत राघू-मैना होऊन आली. गाण्यात आणि लाडात ती शोभते, पण त्यांचा संसार कुठल्याच ढोलीत होत नाही.

आता लिहिताना काय करायचं? ‘मादी पोपट आली’ म्हटलं तर पोपट खटकतो, ‘मादी पोपट आला’ म्हटलं तर मादी. ‘नर खार पळाली’चंही तेच. सरळ षष्ठी वापरावी: पोपटाची मादी ढोलीत बसली, खारीचा नर फांदीवरून पळाला. क्रियापद लगेच जागेवर येतं. ‘पोपटीण’ थट्टेपुरतं ठीक. आणि ‘पोपटी’ म्हणाल, तर दुकानदार त्या रंगाची साडी काढून दाखवेल.