वाचकांचे प्रश्न : विमानाला ‘डावीकडे’ सांगून चालत नाही

प्रश्न : पायदळाने हवाई मदत मागितली, तर बॉम्ब आपल्याच जवानांवर पडू नये म्हणून नेमकं काय करतात?
– एक वाचक, अपशिंगे (जि. सातारा)

उत्तर : अजिंक्यतारा डोळ्यांसमोर आणा. समजा, शत्रू गडावर आहे आणि आपली तुकडी शहराकडच्या उत्तर उतारावर पूर्व-पश्चिम पसरली आहे. तुकडीसोबतचा फॉरवर्ड एअर कंट्रोलर, म्हणजे वैमानिकाला लक्ष्य सांगणारा माणूस, रेडिओवर ‘डावीकडचा बुरूज’ म्हणाला, की घोळ झालाच. त्याची डावी ती वैमानिकाची डावी नव्हे. म्हणून दिशेचं नाव घ्यायचं, आणि खुणा मोठ्यापासून लहानाकडे सांगायच्या : आधी गड, मग टीव्हीचा मनोरा, मग मनोऱ्यापासून पूर्वेला इतके मीटर. ताशी ८०० किलोमीटरने येणारं विमान सेकंदाला सव्वादोनशे मीटर कापतं. शोधत बसायला वेळ कुठला?

मग लक्ष्याचे नकाशावरचे आकडे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची. वैमानिकाने दोन्ही परत म्हणून दाखवायचे. गफलतीची भीती उंचीत जास्त : नकाशा मीटरमध्ये, विमानातला उंचीचा काटा बहुधा फुटांत.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे विमान येण्याची दिशा. साधा बॉम्ब चुकतो तो बहुधा उड्डाणाच्याच रेषेत, अलीकडे नाहीतर पलीकडे, बाजूला कमी. उत्तरेकडून, आपल्या डोक्यावरून विमान आलं तर अलीकडे पडलेला बॉम्ब आपल्यांत. दक्षिणेकडून आलं तर पुढे गेलेला आपल्यांत. म्हणून ते आघाडीला समांतर, पूर्व-पश्चिम आणायचं. आपल्या तोफांचे गोळेही त्याच आभाळातून जात असतात, हे विसरलं जातं. तोफा तेवढ्यापुरत्या थांबवायच्या, नाहीतर विमान गोळ्यांच्या वाटेपासून दूर ठेवायचं.

प्रश्न : कारगिलमध्ये सुरुवातीलाच विमानं का पडली?
– एक वाचक, मिरज (जि. सांगली)

उत्तर : २६ मे १९९९ ला हवाई हल्ले सुरू झाले. २७ ला मिग-२७ चं इंजिन बंद पडलं, त्याच्या वैमानिकाचा शोध घेणारं मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडलं. २८ ला एमआय-१७ हेलिकॉप्टर गेलं. खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं घेऊन शत्रू शिखरांवरच बसला होता. दरीतून उडणाऱ्याला तो वरून टिपणार. नंतर विमानं त्या माऱ्याच्या वर गेली, पण तिथून अरुंद कड्यावर साधा बॉम्ब बसवणं अवघड. त्यात विरळ हवा, म्हणजे बॉम्बफेकीच्या कोष्टकातले सपाटीवरचे आकडे लागू नाहीत. मिराज-२००० ने २४ जूनला टायगर हिलवर लेझरने नेम धरणारे बॉम्ब टाकले, तेव्हा नेम बसला. त्यातली अडचण एकच : बॉम्ब आदळेपर्यंत लेझर लक्ष्यावर टिकवावा लागतो. मध्ये ढग आला, की फेरी वाया.