सारखी अक्षरं लागून येऊ न देता स्ट्रिंग बांधायची, तर ग्रीडी बरोबर कशावरून?

तुमचा प्रश्न असा: स्ट्रिंगमधली, म्हणजे अक्षरांच्या ओळीतली, सगळी अक्षरं वापरून नवी स्ट्रिंग बांधायची, पण सारखी दोन अक्षरं लागून नकोत. वर्णक्रमानं उचलत गेलं की शेवटी एकच अक्षर उरतं. मग ‘सगळ्यात जास्त उरलेलं आधी’ या ग्रीडी पद्धतीवर (दर पायरीला त्या क्षणी सगळ्यात चांगलं दिसतं ते उचलायचं) विश्वास का ठेवायचा?

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात पोट्ट्यांना कोडिंग शिकवतो. लाइट नसली की हे आम्ही दाण्यांवर करतो. तुम्हीही करून बघा. 4 सरक्या, 2 तुरी, 1 हरभरा, जागा 7. पहिल्या जागी तूर ठेवली तर उरल्या 6 जागा आणि सरक्या 4 च्या 4. सहा जागांत एकाआड एक तीनच बसतात, चौथी कुठंतरी चिकटणारच. म्हणजे पहिल्याच दाण्याला काम बिघडलं, फक्त ते दिसतं शेवटी. आता सरकीपासून लावा: सरकी, तूर, सरकी, तूर, सरकी, हरभरा, सरकी. बसलं!

कारण एवढंच, की धोका नेहमी एकाच अक्षराकडून असतो. उरलेल्या जागांच्या निम्म्याहून जास्त संख्या दोन अक्षरांची एकाच वेळी असूच शकत नाही. ज्याच्याकडून धोका, ते संख्येनं सगळ्यात मोठं. आणि ग्रीडी नेमकं तेच उचलतं. ते नुकतंच ठेवलेलं असेल तर दुसऱ्या नंबरचं घ्या. हा युक्तिवाद मला फार आवडतो, कोड लिहिण्याआधी तो कागदावर स्वतः मांडाच.

कोड सोपा आहे. आधी तपासा: सर्वांत मोठी संख्या (एकूण + 1) भागिले 2 पेक्षा जास्त असेल तर उत्तर शक्यच नाही, रिकामी स्ट्रिंग परत करा. नाहीतर अक्षरं संख्येसकट हीपमध्ये (सगळ्यात मोठी संख्या कायम वर ठेवणारी रचना) भरा, वरचं अक्षर काढा, जोडा, पण लगेच परत टाकू नका. एक फेरी बाजूला ठेवा, मग टाका. पायथॉनमधलं तयार हीप, हीपक्यू, सगळ्यात लहान आधी देतं, म्हणून संख्या उणे करून भरा. खरं तर इंग्रजी छोटी अक्षरं 26 च असतात. हीप नसला तरी 1 लाख अक्षरांना जास्तीत जास्त 26 लाख तपासण्या, त्यामुळे संख्यांची साधी यादी, म्हणजे अ‍ॅरेही पुरतो.

अडलं तर इथंच कोड टाका, मी बघतो.