कैरोचं ऊन आणि नाईलचं पाणी

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचा पुतण्या दोन वर्षांपासून इजिप्तमंदी कैरोले नोकरीवर आहे. तो म्हणते, काकू, मे महिन्यात तुम्ही दोघं या, तवा वावरात काही काम नसते. आमी आजपर्यंत पंढरपूर अन् मुंबई सोडून कुठी गेलो नाही. ते शहर वाळवंटातलं. तिथलं ऊन आमाले सोसन काय? आमी माळकरी, खायचं काय? यायले गुडघ्याचा त्रास आहे. अन् आठ दिवसांत पाहायचं तरी काय काय?
(एक वाचक भगिनी, देवळी तालुका, जि. वर्धा)

उत्तर : ताई, तुमचं पत्र हातात पडलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, आमच्या गावात पारा ४५ वर होता आणि मी कूलरमध्ये पाणी भरत होते. म्हणून आधी उन्हाचंच सांगते. सोसेल. देवळीत मे महिना काढणाऱ्या माणसानं कैरोच्या मेला भिऊ नये. तिथं मे महिन्यात दुपारी साधारण ३२-३३ अंश असतात, भर जुलैतही सरासरी ३५ च्या आसपास. आपल्या नवतप्यात रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात. तिथं सूर्य बुडाला की हवा उतरते, आणि सगळं शहर लेकराबाळांसकट बाहेर पडतं.

पण तिथलं ऊन आपल्यासारखं वागत नाही. कैरोत अख्ख्या वर्षात पाऊस पडतो जेमतेम २५ मिलिमीटर. मृगाच्या एका चांगल्या सरीत आपल्याकडे तेवढा पडून जातो. त्या कोरड्या हवेत घाम अंगावरच वाळतो, कपडा ओला होत नाही, आणि आपल्याला वाटतं घाम आलाच नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता दर अर्ध्या तासानं पाणी प्या. बाटलीबंद घ्या. मीठ-साखरेच्या पुड्या घरूनच न्या.

दुसरं म्हणजे खमसीन. मार्च ते मेमध्ये अधूनमधून वाळवंटाकडून सुटणारा हा तापलेला, धुळीचा वारा. अरबीत खमसीन म्हणजे ५०. त्या पन्नासेक दिवसांत तो कधीही येऊ शकतो, म्हणून हे नाव. आम्ही दोघं २०२४ च्या एप्रिलअखेरीस गेलो होतो, तेव्हा एक दिवस तो आला. सकाळी आभाळ निळं होतं. दहाच्या सुमारास ते पिवळं पडू लागलं, आणि बघता बघता रस्त्यापलीकडची इमारत पुसट झाली. दातांत वाळू कचकच करायला लागली. आमच्या यांनी खांद्यावरचा पांढरा दुपट्टा नाकातोंडाला गुंडाळला, जसा ते वावरात जाताना गुंडाळतात. तिथल्या रस्त्यावरही निम्मी माणसं तशीच दिसत होती. असा दिवस आला तर बाहेर पडायचा हट्ट करू नका. दोन दुपट्टे मात्र नक्की न्या.

गुडघ्यांबद्दल आधी एक महत्त्वाचं. ज्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत त्यांना विचारा, यांत ट्रॅमाडॉल आहे काय? आपल्याकडे गुडघेदुखीला ती सर्रास देतात. इजिप्तमध्ये त्या औषधावर कडक नियंत्रण आहे, आणि परवानगीविना बॅगेत सापडलं तर पोलिसांचं प्रकरण होतं. असेल तर बदलून घ्या. बाकीच्या गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. व्हिसा आधीच काढावा लागेल. नियम बदलत असतात, म्हणून दूतावासाकडूनच विचारून घ्या, गावातल्या एजंटच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका.

आता जेवण. मी स्वतः मांसाहार करत नाही आणि आठ दिवस पोटभर जेवले. तिथं कोशरी नावाचा पदार्थ गल्लोगल्ली मिळतो: भात, मसूर, मकरोनी, हरभरे, वर टोमॅटोचा रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. लसूण-व्हिनेगरचं पाणी वेगळं देतात. सकाळी फूल, म्हणजे बाकल्याच्या शेंगांतले दाणे रात्रभर मंद आचेवर शिजवून त्यात तेल-लिंबू, आणि सोबत कोंड्याची गरम रोटी. त्याच दाण्यांचे वडेही तळतात, त्यांना तामिया म्हणतात. मुलुखिया नावाची तागाच्या पानांची हिरवी पातळ भाजी दिसेल. ती बहुतेक वेळा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात, म्हणून पुतण्याकडून विचारून घेतल्याशिवाय खाऊ नका.

आणि करकदे. पहिल्या दिवशी दुकानदारानं गडद लाल सरबताचा गार ग्लास पुढं केला. एक घोट घेतला आणि मी यांच्याकडे पाहिलं. ही तर आपली अंबाडी! लाल अंबाडीची बोंडं वाळवून उकळायची, साखर घालून गार करायची, एवढंच. आपल्या बांधावर उगवते, आपण तिच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालतो, आणि तिथं लग्नात पाहुण्यांचं स्वागत तिच्या सरबतानं होतं. तुमच्या घरी वाळवलेली बोंडं असतील तर या उन्हाळ्यात इथंच करून बघा.

आता काय पाहायचं. ताई, सगळे तुम्हाला पिरॅमिडपासून सुरुवात करायला सांगतील. मी नदीपासून करा म्हणेन. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं भूगोल शिकवला. 'इजिप्त ही नाईलची देणगी' हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं त्याची गणती नाही. पण ते कळलं रोडा बेटावर.

हे बेट शहराच्या मधोमध नाईलमध्ये आहे. त्याच्या दक्षिण टोकाला एक जुनी वास्तू आहे, मिक्यास, म्हणजे नाईलचं पाणी मोजायची जागा. अब्बासी खलिफा अल्-मुतवक्किलच्या काळात, इ.स. ८६१ मध्ये बांधलेली. आत दगडी विहीर आहे, कडेनं खाली उतरणाऱ्या पायऱ्या, आणि मधोमध संगमरवरी अष्टकोनी खांब. खांबावर हातांच्या खुणा कोरलेल्या. हात म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचं माप, जे आपली आजी लुगडं मोजायला वापरायची. नदीचं पाणी बोगद्यांतून या विहिरीत यायचं, आणि अधिकारी पाणी किती हात चढलं ते बघायचे. १६ हात भरलं की शहरात उत्सव. त्यापेक्षा बरंच कमी पडलं तर दुष्काळ, फार वर गेलं तर गावं बुडायची. आणि त्याच खुणेवर त्या वर्षीचा शेतसारा ठरायचा.

मी त्या पायऱ्यांवर कठडा धरून उभी राहिले आणि मला आपली पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, आठवली. पन्नासच्या आत आली की दुष्काळ, वर गेली की काही नाही. तो आकडा जाहीर होईपर्यंत दिवाळीच्या तोंडावर गावातल्या माणसांचे चेहरे कसे असतात, ते तुम्हाला मी काय सांगू. तिथल्या शेतकऱ्यानं अकराशे वर्षं तसाच श्वास रोखून धरला होता. त्याच्या डोक्यावर तर ढगही नव्हता. त्याचा पाऊस पडायचा हजारो किलोमीटर दूर, इथिओपियाच्या डोंगरांत, जून ते सप्टेंबर, म्हणजे ऐन आपल्या पावसाळ्याच्या महिन्यांत. तिथलं पाणी गाळ घेऊन वाहत यायचं आणि वावरावर पसरायचं. १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पुरं झालं आणि पूर थांबला. आता बारमाही कालव्याचं पाणी मिळतं, पण तो गाळ धरणामागेच अडतो आणि शेतकरी खताच्या पिशव्या आणतो. ती विहीर आज कोरडी आहे. तुमच्या यजमानांना गुडघ्यांमुळे खाली उतरवू नका, वरूनही खांब नीट दिसतो.

त्याच दिवशी संध्याकाळी पुतण्याला म्हणा, फलुकात बसव. ही शिडाची होडी. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून दक्षिणेला. म्हणून दक्षिणेला जाताना शीड उभारायचं, येताना उतरवायचं आणि प्रवाहावर सोडून द्यायचं. प्राचीन चित्रलिपीतही 'दक्षिणेला जाणं' दाखवायला शिडाची होडी काढायचे, 'उत्तरेला' दाखवायला बिनशिडाची. पाण्यावर गार वारा लागतो. आम्ही दोघं तासभर काही बोललो नाही.

तुमच्या घरी कापूस असेलच, म्हणून हेही. तहरीर चौकाच्या आसपास पॅरिससारख्या दिसणाऱ्या जुन्या इमारतींचे रस्ते आहेत. त्या भागाची पायाभरणी कापसाच्या पैशावर झाली. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि इजिप्तच्या व आपल्या वऱ्हाडच्या कापसाला एकदम सोन्याचा भाव आला. रेल्वे नागपूरला पोचली ती १८६७ मध्ये, तीही याच ओढीनं. युद्ध संपलं, भाव पडला. इजिप्तचा राज्यकर्ता इस्माईल शहर सजवत राहिला, कर्ज वाढत गेलं, १८७६ मध्ये दिवाळं निघालं आणि १८८२ मध्ये इंग्रजांनी देश ताब्यात घेतला. भाव पडल्यावर कर्जात कोण जातं, हे विदर्भातल्या बाईला दुसऱ्यानं समजावून सांगायची गरज नाही.

एक दिवस आम्ही रेल्वेनं नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या तांता शहराकडे गेलो, फक्त वावरं बघायला. पिकलेला गहू, बरसीम या चाऱ्याचे हिरवेगार तुकडे, आणि नुकताच वर आलेला कापूस. यांनी खिडकीतून सगळीकडे कालवे मोजले. त्यांचा लांब धाग्याचा कापूस 'गिझा' या नावानं आणि क्रमांकानं ओळखला जातो, आणि सगळा ओलिताचा. आपला बहुतेक कोरडवाहू. परतीच्या वाटेवर हे फक्त एवढंच म्हणाले, "पाणी असतं तं आपणही केलं असतं."

पिरॅमिड बघाच, पण सकाळी उघडताक्षणी. खुफू राजाचा मोठा पिरॅमिड बांधला तेव्हा सुमारे १४६ मीटर उंच होता, पायथ्याशी उभं राहिलं की एकेक दगड छातीएवढा. आत जायचा मोह टाळा: वाट अरुंद आणि चढाची, वाकून चालावं लागतं, गुडघे राहणार नाहीत. उंटवाल्याशी भाव ठरल्याशिवाय चढू नका. उतरायचे पैसे वेगळे मागतात. मग ऊन चढलं की तिथून जवळच असलेल्या नव्या भव्य संग्रहालयात जा. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये रीतसर उघडलं. तूतनखामेन राजाच्या थडग्यातल्या वस्तू आता तिथं आहेत, आणि आत गारवा असतो. तिकिटं बऱ्याच ठिकाणी कार्डानंच घेतात, पुतण्याचं कार्ड लागेल. बक्षिसीसाठी सुट्या छोट्या नोटा जवळ ठेवा.

मेट्रोनं फिरा. १९८७ पासून आहे, आफ्रिकेतली पहिली. मधले डबे बायकांसाठी राखीव असतात. त्यात एका आजीनं माझ्या लुगड्याचा काठ बोटांत धरून पाहिला, "हिंदी?" म्हणजे भारतीय का, असं विचारलं, आणि उठून मला जागा दिली.

शेवटचं ठिकाण जुन्या कैरोतला मुइझ रस्ता. तिथं १७४४ मध्ये अब्द अल्-रहमान कतखुदा या अमीरानं, म्हणजे सरदारानं, बांधलेली एक इमारत आहे. खालच्या मजल्यावर जाळीच्या खिडक्यांतून वाटसरूंना फुकट पाणी द्यायची सोय, आणि त्याच्या वर कमानींच्या मोकळ्या सज्जात पोरांची शाळा. खाली पाणपोई, वर पाढे. मी शिक्षिका आहे, म्हणून असेल, पण पिरॅमिडपेक्षा मी तिथं जास्त वेळ थांबले. जुन्या वस्तीत आजही दारापुढं वाटसरूसाठी मातीचे रांजण ठेवलेले दिसतात, झाकण आणि वाटीसकट.

प्रश्न : मॅडम, मी बी.ए.ला भूगोल घेतला आहे. पांढरी नाईल आणि निळी नाईल खार्टूमला मिळतात. तो संगम बघायला जाता येईल का?
(एक विद्यार्थी, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : बाळा, आत्ता नाही. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ ला सैन्य आणि निमलष्करी दलात लढाई पेटली, आणि ती खुद्द राजधानीतच सुरू झाली. आपल्या सरकारनं 'ऑपरेशन कावेरी' करून तिथल्या भारतीयांना परत आणलं. शहराची फार हानी झाली आहे. परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून जायचा विचार करू नकोस.

अभ्यासासाठी एवढं लिहून घे. पांढरी नाईल व्हिक्टोरिया सरोवराकडून येते आणि वर्षभर बरीचशी एकसारखी वाहते. निळी येते इथिओपियातल्या ताना सरोवरातून. ती पावसाळ्यात फुगते आणि गाळ आणते. म्हणजे रोडा बेटावरच्या त्या खांबावर पाणी १६ हात चढवायची, ती मुख्यतः ही निळी.

आणि संगमच बघायचा असेल तर हिवाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या आष्टीहून चपराळ्याला जा. तिथं वर्धा आणि वैनगंगा मिळतात आणि पुढं त्यांचं नाव प्राणहिता होतं. वही सोबत ने, दोन्ही नद्यांच्या पाण्याचा रंग आणि काठची रेती वेगवेगळी नोंदव, आणि मला लिहून पाठव.