गुहागरला पहिल्यांदा निघालायस तर

हॉटेल नंतर बघ, आधी भिंतीवरचं कालनिर्णय उघड. पक्ष कुठलाही असो, तिथीची पाऊणपट कर: चतुर्थीला पूर्ण भरती साधारण तीनला, अष्टमीला सहाला. पुढं सहा तास ओहोटी. ती लागली की पाणी आत ओढतं, तेव्हा पोरांना बाहेर काढ. आपल्या साताऱ्याची पोरं कृष्णेत पोहलेली, समुद्राला भीत नाहीत. मला त्याचीच धास्ती वाटते. गुडघ्यापुढं सोडूच नकोस.

रस्ता कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण. घाट उजेडात उतर. जेवण घरगुती ठिकाणी घे, पण मासे हवेत तर सकाळीच सांगून ठेव. व्याडेश्वराचं देऊळ गावातच आहे, संध्याकाळी निवांत जाऊन ये.