मुलाचा ‘ताबा’ की ‘पालकत्व’?

प्रश्न : घटस्फोटाच्या बातम्यांत ‘मुलाचा ताबा आईला’ असे वाचले की खटकते. मूल म्हणजे काय फ्लॅट आहे? त्याऐवजी ‘मुलाचे पालकत्व आईला’ असे लिहिलेले चालेल का?

उत्तर : खटकणे रास्त आहे, पण ‘पालकत्व’ लिहिलेत तर बातमीच चुकेल. कायद्याच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल रोज कोणाच्या घरी राहते, जेवते, झोपते, तो ताबा. त्याच्या वतीने सही कोण करतो, त्याची मिळकत कोण सांभाळतो, ते पालकत्व. एक आईकडे आणि दुसरे बापाकडे, असेही होते.

हा फरक डोळ्यांनी बघायचा तर गावाकडचा सातबारा काढा. वडील वारले आणि मुले लहान असली की वारसांच्या नावापुढे ‘अ. पा. क. आई’ असा शेरा दिसतो. अज्ञान पालन कर्ता. इथे ‘अज्ञान’ म्हणजे अडाणी नव्हे, अठरा वर्षे पूर्ण न झालेला. त्याच्या उलट ‘सज्ञान’. (अठरा झाल्यावर शेरा आपोआप जात नाही, तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो. चाळिशीतले ‘अज्ञान’ खातेदार त्यामुळेच सापडतात.)

आता नवरा हयात असताना आई ‘अ. पा. क.’ होते का? १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे सहावे कलम म्हणते : नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा मात्र सहसा आईकडे. म्हणजे दूध, दुखणी, रात्रीची जागरणे तिची आणि सही त्याची! लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला पालक म्हणून अर्ज केला, तेव्हा बँकेने वडिलांची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९९मध्ये न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ ‘तो मेल्यावर’ एवढाच नाही, बाप मुलाकडे लक्षच देत नसेल तरी आई पालक, असा लावला. म्हणजे अर्थ ताणून निभावले, कलम तसेच ठेवले. २०१५मध्ये विधी आयोगाने २५७व्या अहवालात दोघांना बरोबरीचे पालक माना आणि संयुक्त ताब्याची तरतूद करा, अशी शिफारस केली. माझ्या मते खरी दुरुस्ती तिथे हवी, शब्द त्यानंतर.

तरी शब्दाकडे येऊ. ‘ताबा’च्या मुळाशी अरबी ‘ताबि’ आहे, म्हणजे मागून चालणारा, अंकित. ताबेदार त्याच घरातला. मराठीत जमिनीचा ताबा, ताबेगहाण, आरोपीचा ताबा, गाडीवरचा ताबा सुटणे असा सगळा कबजाचा संसार. हिंदीतली ‘अभिरक्षा’ सभ्य आहे, पण कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात ती कोणी बोलत नाही. तिथे सरळ ‘कस्टडी’.

इंग्लंडने १९८९च्या कायद्यात ‘कस्टडी’ काढून ‘रेसिडेन्स’ (मूल राहणार कोणाकडे) आणि ‘कॉन्टॅक्ट’ (भेटणार कोणाला) आणले. तरी ज्याला ‘रेसिडेन्स’ मिळाले तो जिंकला, हीच समजूत राहिली. मग २०१४मध्ये दोन्ही नावे गेली आणि एकच आदेश आला : मूल कोणाकडे राहील, कोणाला कधी भेटेल. नाम हटले, क्रियापद आले.

मराठीला यासाठी नवा शब्द पाडायची गरजच नाही. ‘पोरं आईकडं असतात’ हे आपण बोलतोच. ‘चा’मध्ये मालकी आहे, ‘कडे’मध्ये नाही. बातमीत ‘मुलगी आईकडे राहणार’ लिहा, जागाही कमी लागेल. न्यायालयातल्या अर्जात मात्र ‘ताबा’ राहू द्या, कारण मागणी नेमकी कळावी लागते. संमतीने घटस्फोट असेल तर अटींचा मसुदा सहसा दोघांचे वकीलच करतात. तिथे ‘ताबा आईकडे, बापास भेटीचा हक्क’ एवढ्यावर न थांबता ‘मुलगा शाळेच्या दिवसांत आईकडे राहील, दर शनिवारी सकाळी वडिलांकडे जाईल, दिवाळी व उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी, शाळा बदलायची तर दोघांची संमती’ असे लिहून घ्या. पुढची अर्धी भांडणे ‘भेटीचा हक्क’ म्हणजे किती वाजता आणि कुठे, यावरूनच होतात.